चांदीच्या घाटातला आडरस्ता: यूरे, सिल्व्हरटन, लेक सिटी

गुरुवार: डेन्व्हर ते यूरे

मेहुणा कराडहून आलाय. त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे वेगास, ग्रँड कॅन्यन वगैरे त्याला काही नको होतं, पहिल्याच दिवशी म्हणाला, "दाजी, मला इथला घाट दाखवा." घाटच दाखवायचा तर कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यातले सान हुआन डोंगर, तिथला मिलियन डॉलर हायवे आणि त्याच्या मागच्या बाजूचा आल्पाइन लूप नावाचा कच्च्या रस्त्याचा फेरा, यापुढे मला तरी दुसरं काही सुचत नाही. जुलैचा शेवट, म्हणजे बर्फ वितळलेलं आणि रानफुलं ऐन भरात. बायकोने मीटिंगा पुढे ढकलल्या आणि निघालो.

डेन्व्हर ते यूरे सहा तासांच्या आसपास लागतात. रस्ता चांगलाय, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मोनार्क पास (पास म्हणजे खिंड) ११,३१२ फुटांवर आहे, तिथे मेहुण्याने उतरून उगाच चार पावलं पळून बघितली आणि गाडीला धरून उभा राहिला. गनिसनला झाडाखाली बसून थालीपीठं आणि लसणाची चटणी, माँट्रोजला किराणा, आणि मग रिजवे सोडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी असे जवळ यायला लागतात की पुढे रस्ता आहे की नाही अशी शंका यावी. त्या डोंगरांच्या खळग्यात यूरे.

गाव छोटंसं, तिन्ही बाजूंनी कडे. नाव इथल्या मूळ रहिवासी यूट लोकांच्या प्रमुखाचं. आणि हे मला दर वेळी खटकतं, कारण हे सगळे डोंगर यूट लोकांचेच होते. सोनं-चांदी दिसायला लागल्यावर १८७३ च्या ब्रूनो कराराने ते त्यांच्याकडून काढून घेतले, यूरेनेच त्यावर सही केली कारण लढून काही हाती लागणार नाही हे त्याला दिसत होतं, आणि १८८१ मध्ये त्याच्या लोकांना यूटाहमध्ये हाकलून दिलं. गावाला नाव मात्र त्याचंच ठेवलं.

संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात डुंबलो. पाणी जमिनीतून येतं पण गंधकाचा वास अजिबात नाही, त्यामुळे बायको खूश. बॉक्स कॅन्यनचा धबधबा पण चालत गाठता येतो, कड्याच्या आत चिरेत कोसळतो, २८५ फूट, आवाज असा की एकमेकांशी बोलता येत नाही.

यूरेच्या वर कॅम्प बर्ड नावाची सोन्याची खाण होती. टॉमस वॉल्श नावाचा आयरिश माणूस १८९६ मध्ये तिथे जुन्या चांदीच्या खाणींचा टाकून दिलेला माल तपासत फिरत होता आणि त्याला त्या टाकलेल्या दगडातच सोनं सापडलं. आधीचे लोक चांदी शोधत होते म्हणून त्यांनी बाकी सगळं फेकलेलं. १९०२ मध्ये त्याने खाण इंग्रज कंपनीला पन्नास लाख डॉलरच्या वर विकली. त्याची मुलगी इव्हलिन लहानपणी काही वर्षं याच गावात राहिली आणि १९११ मध्ये तिने होप हिरा विकत घेतला. हो, तोच निळा, शापित म्हणतात तो. तो निघाला कुठे तर आंध्रातल्या कोल्लूरच्या खाणीत, कृष्णेच्या काठी. हे ऐकल्यावर मेहुण्याने हातातला कप खाली ठेवला. "म्हंजे आमच्या प्रीतिसंगमावरनं खाली गेलेलं पाणी त्या हिऱ्यावरनं गेलं की ओ." त्याची ताई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मग काय, वाटा मागणार आहेस का?"

शुक्रवार: मिलियन डॉलर हायवे

यूरे ते सिल्व्हरटन पंचवीस मैलसुद्धा नाहीत, पण थांबत थांबत आम्ही दुपार केली. पहिले काही मैल खरा खेळ आहे. यूरेकडून दक्षिणेला जाताना तुमची लेन दरीकडची असते, उजव्या हाताला सरळ खाली अंकम्पाग्री नदीची घळ, आणि कठडा नाही. म्हणजे अगदी काही काही ठिकाणी पांढरा पट्टा आणि दरी यात वीतभर डांबर. ज्यांना भीती वाटते ते उलट्या दिशेने, सिल्व्हरटनकडून येतात, म्हणजे डोंगराकडची लेन मिळते. मेहुणा माझ्या शेजारी, म्हणजे बरोबर दरीवर. कराडपासून चिपळूणपर्यंत आणि वरंधा घाटात ट्रक घातलेला माणूस, पण दहा मिनिटं गप्प. मग म्हणाला, "दाजी, रेलिंग का नाही हो? एवढा श्रीमंत देश."

कारण असं सांगतात की थंडीत इथे प्रचंड बर्फ पडतं आणि ते स्नोप्लाउने लोटून दरीतच टाकायचं असतं, कठडा बांधला तर बर्फ टाकायचं कुठे. पटण्यासारखं आहे. पुढे बर्फ उपसताना हिमस्खलनात गेलेल्या स्नोप्लाउ ड्रायव्हर लोकांचं स्मारक आहे, तिथे मेहुणा खाली उतरला, टोपी काढली, नमस्कार केला आणि परत येऊन बसला. ड्रायव्हर लोकांचं ड्रायव्हर लोकांनाच कळतं.

बेअर क्रीकच्या धबधब्यावरून रस्ता जातो तिथे ऑटो मीअर्सच्या नावाची पाटी आहे. हा माणूस मला फार आवडतो आणि थोडा रागही येतो. रशियन साम्राज्यात जन्मलेला अनाथ पोरगा, लहानपणीच कॅलिफोर्नियात येऊन पडला, आणि पुढे या डोंगरांत एकामागून एक रस्ते काढले, कडे सुरुंगाने फोडून. पण रस्ते फुकट नव्हते. प्रत्येकावर टोल. आणि यूरेच्या रस्त्याचा टोलनाका त्याने कुठे टाकला, तर बरोबर या धबधब्यावर, म्हणजे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, चुकवून जायला जागाच नाही! मेहुण्याला आत्तापर्यंत पाहिलेल्या अमेरिकेत हाच माणूस सगळ्यात ओळखीचा वाटला. पुणे ते कोल्हापूर टोलवर त्याचं जे काही म्हणणं आहे ते त्याने तिथे पूर्ण ऐकवलं.

मीअर्सचाच रस्ता रुंद करून १९२४ मध्ये मोटारींचा हायवे झाला. मिलियन डॉलर हे नाव खर्चामुळे पडलं असं एक म्हणतात, भरावाच्या मातीत सोन्याचं खनिज होतं म्हणून पडलं असं दुसरे म्हणतात. जे आवडेल ते घ्या.

घळ संपली की दरी एकदम मोकळी होते आणि समोर लाल डोंगर. लाल म्हणजे खरोखर लाल, गंजाचा रंग, कारण दगडातलं लोखंड हवा-पाण्याने गंजलंय. खालचा ओढाही नारिंगी आणि त्यात एक मासा नाही. या उतारांवर १८८२ मध्ये यँकी गर्ल नावाची खाण सापडली आणि चांदी इतकी कसदार निघाली की आयर्नटन, रेड माउंटन टाउन अशी गावंच्या गावं उभी राहिली, सलून, हॉटेलं, रेल्वे, सगळं. आज आयर्नटनला झाडीत काही पडकी लाकडी घरं आहेत आणि यँकी गर्लच्या शाफ्टवरची, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरची, उंच लाकडी इमारत रस्त्यावरून दिसते, तिरकी न होता अजून उभी आहे याचंच आश्चर्य.

ही गावं एवढी पटकन का ओसाड पडली, यातला एक धागा थेट आपल्याकडे येतो. तेव्हा जगातली चांदी सगळ्यात जास्त गिळणारा देश हिंदुस्तान. चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत गेलं की रुपये पाडून मिळायचे, कितीही. चांदीचा भाव घसरत चालला तसा रुपयाही घसरत होता आणि इंग्रज सरकारला लंडनला पैसे पाठवायचे ते सोन्यात, त्यामुळे त्यांचा तोटा वाढत होता. शेवटी २६ जून १८९३ ला सरकारने कायदा करून दोन्ही टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तार अमेरिकेत पोचली आणि काही दिवसांत चांदीचा भाव कोसळला, कोलोरॅडोतल्या खाणी लागलीच बंद पडायला लागल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने सरकारी चांदी-खरेदीचा १८९० चा कायदा रद्द केला, म्हणजे उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. मीअर्सची रिओ ग्रँड सदर्न रेल्वे त्याच वर्षी दिवाळखोरीत. अमेरिकेतल्या मंदीची स्वतःची कारणं होतीच, सगळं खापर टांकसाळीवर फोडता येणार नाही, पण सिमल्यात एक कायदा होतो आणि अकरा हजार फुटांवरच्या खाणकामगाराची शिफ्ट बंद होते, हे मला त्या लाल डोंगराखाली उभं राहून काही केल्या डोक्यातून जाईना.

रेड माउंटन पास ११,०१८ फूट, मग उतार, मग सिल्व्हरटन.

सिल्व्हरटन मला यूरेपेक्षा जास्त आवडतं. यूरे नटलेलं आहे, सिल्व्हरटनला अजून खाणीच्या गावाचा राकटपणा आहे. ९,३१८ फूट उंची, जेमतेम सहाशे-सातशे वस्ती, मुख्य ग्रीन स्ट्रीट सोडली तर रस्ते मातीचे. शेजारची ब्लेअर स्ट्रीट म्हणजे त्या काळची दारूचे गुत्ते आणि बायकांची गल्ली, आता तिथे आइस्क्रीम मिळतं. दुरँगोहून वाफेची छोट्या गेजची गाडी येते, १८८२ पासूनचा मार्ग, ४५ मैल, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडा रुंद गेज. गाडी आली की गावात दोन तास जत्रा असते, गेली की शुकशुकाट. जेवायचं असेल तर गाडी गेल्यावर जा.

दुपारी ओल्ड हंड्रेड खाणीची टूर केली. पैसे वसूल. पिवळा रेनकोट आणि हेल्मेट घालून छोट्या इलेक्ट्रिक गाडीतून डोंगराच्या पोटात नेतात, आत बारमाही थंडी, छतातून ठिबकणारं पाणी मानेवर. गाइड म्हातारा, स्वतः खाणीत काम केलेला. त्याने आधी सगळे दिवे घालवले आणि एक मेणबत्ती लावली, एवढ्यावर पूर्वी शिफ्ट काढायचे म्हणाला. मग हवेच्या दाबावर चालणारं ड्रिल दगडाला लावलं. अर्धा मिनिट चालवलं असेल, छातीतली फासळी न् फासळी हलली. त्याने सांगितलं की सुरुवातीची ड्रिलं कोरडी चालायची, दगडाचा भुगा सरळ फुप्फुसात, आणि काही वर्षांत माणूस खोकून खोकून जायचा. म्हणून त्या मशीनला कामगार 'विडोमेकर' म्हणायचे. पुढे डेन्व्हरच्या लेनर नावाच्या माणसाने मधून पाणी सोडणारं ड्रिल काढलं तेव्हा धूळ बसली. बायकोने विचारलं की मालकांनी ते लगेच घेतलं का? म्हातारा नुसता हसला आणि ड्रिलचा पाइप गुंडाळायला लागला.

खाण बघून संध्याकाळी गावावरच्या टेकडीवरच्या स्मशानभूमीत गेलो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने या गावातला दहातला एक माणूस नेला म्हणतात, कबरी खणायला माणसं पुरेनात म्हणून एक मोठा खड्डा केला. बाजूच्या दगडांवर इटालियन, कॉर्निश, स्लाव्ह नावं, बरीचशी पंचवीस-तिशीची.

शनिवार: अॅनिमस फोर्क्स, सिनॅमन पास

आपली कार सिल्व्हरटनला ठेवून भाड्याची जीप घेतली. पुढच्या रस्त्याला उंच, फोर बाय फोर गाडीच लागते, आणि नेहमीच्या रेंटल कारच्या करारात हे रस्ते चालत नाहीत, ते वाचून घ्या. मेहुण्याला चालवायची फार इच्छा होती पण इन्शुरन्समध्ये माझंच नाव, त्यामुळे तो शेजारी बसून गिअर सांगत होता.

गावाबाहेर मेफ्लावर मिल लागते, १९२९ मध्ये बांधलेली, आणि तिच्याकडे डोंगरावरून येणारे रोपवेचे लाकडी टॉवर अजून उभे. वर खाणीतून खनिज लोखंडी बादल्यांतून इथे यायचं, माणसंही कामावर त्याच बादल्यांत बसून जायची. पुढे युरेका. इथल्या सनीसाइड खाणीची गोष्ट मेहुण्याने दोनदा सांगायला लावली. ४ जून १९७८, संध्याकाळी, वर असलेल्या लेक एमा नावाच्या तळ्याचा तळ फुटला आणि अख्खं तळं खाणीत शिरलं, खालच्या तोंडातून चिखल, लाकडं, यंत्रं बाहेर फेकली. वार रविवार होता. खाणीत कोणीच नव्हतं, एकही माणूस मेला नाही. दुसऱ्या दिवशी झालं असतं तर पूर्ण शिफ्ट गेली असती.

खाण १९९१ ला बंद झाली, पण डोंगरात पोकळ्या राहिल्या आणि त्यात साठलेलं आम्लाचं पाणी. ५ ऑगस्ट २०१५ ला पर्यावरण खात्याची माणसं जवळच्या गोल्ड किंग खाणीचं तोंड तपासत होती, तेवढ्यात बांध फुटला आणि तीस लाख गॅलन पाणी ओढ्यातून अॅनिमस नदीत गेलं. नदी अक्षरशः नारिंगी झाली, ते फोटो जगभर फिरले होते. पुढच्या वर्षी हा सगळा पट्टा केंद्राच्या साफसफाईच्या यादीत गेला. खाणवाले गेले, पैसा गेला, आणि पाणी साफ करायचं बिल आता बऱ्याच अंशी लोकांच्या माथी. गोव्यात खाणीचा लाल चिखल भातशेतीत शिरलेला ज्यांनी बघितलाय त्यांना हे नवीन नाही.

अॅनिमस फोर्क्स ११,२०० फुटांवर. १८७३ ला पहिली झोपडी, दहा वर्षांत साडेचारशे वस्ती, आणि १८८४ च्या हिवाळ्यात २३ दिवस सलग वादळ, पंचवीस फूट बर्फ, घरातून घरात जायला लोकांनी बर्फात बोगदे खणले. १९२० च्या दशकापर्यंत गाव रिकामं. आता लाकडी घरं डागडुजी करून ठेवली आहेत, आत जाता येतं. डंकन यांचं घर सगळ्यात देखणं, समोर तीन बाजूंनी काचेचा सज्जा असलेलं. ते होप हिऱ्यावाल्या इव्हलिनचं घर असं हमखास कोणीतरी सांगतं, खरं नाही. मी त्या सज्जात उभा राहिलो, खिडकीच्या चौकटीतून समोरचा उतार, पिवळी फुलं, आणि जमिनीच्या फळीला खिळ्याच्या भोवती झिजून पडलेला खळगा, कोणीतरी रोज तिथेच उभं राहत असणार. बाहेर तोपर्यंत चार चाकी धुरळा उडवणाऱ्या छोट्या गाड्यांची रांग आली आणि शांतता संपली. वीकेंडला सकाळी आठच्या आत या, एवढंच सांगीन.

इथून सिनॅमन पासचा चढ सुरू. गाडी फोर-लो मध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये टाकायची आणि घाई करायची नाही. चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क, उतरणाऱ्याने मागे घ्यायची, हे ऐकून मेहुणा म्हणाला की हा एक नियम तरी दोन्ही देशांत सारखा आहे, फक्त इथे पाळतात. १२,६४० फुटांवर चिवड्याचं पाकीट फुगून टम्म झालं आणि उघडताना फट्कन फुटलं, शेंगदाणे सीटखाली. पलीकडचा उतार मला चढापेक्षा जड गेला, एका बाजूला कडा, दुसरीकडे खोल दरी, एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि समोरून जीप आली की कोणाचा तरी आरसा दुमडायचा.

त्या उतारावर अमेरिकन बेसिनचा फाटा आहे. तो चुकवू नका. हिरवी वाटी, मागे करवतीसारखे सुळके, आणि जमिनीवर निळं-पांढरं कोलंबाइन, लाल पेंटब्रश, पिवळं काय काय, पाय ठेवायला जागा शोधावी लागते. कास पठार आठवलं, आणि लगेच बायको म्हणाली, "कासची तुलना कर पण तिथली ऑनलाइन पासची तुलना नको." मग नाही केली.

दुपारी ढग भरून आले, वीज कडाडली, आणि आम्ही सान क्रिस्टोबल तळ्यावर पोचेपर्यंत गारा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे रोज दुपारी हेच, त्यामुळे पास बाराच्या आत ओलांडायचा. हे तळं साधारण सातशे वर्षांपूर्वी डोंगराची पिवळी माती घसरून नदी अडली म्हणून झालं. स्लमगलियन म्हणतात त्या घसरणीला. तिचा एक भाग अजूनही सरकतोय, काही ठिकाणी वर्षाला वीस फुटांपर्यंत, वरची झाडं दारू प्यायल्यागत वाकडी.

रविवार: लेक सिटी, हेन्सन क्रीक, एंजिनियर पास

लेक सिटीचं कोर्ट १८७७ चं आणि अजून वापरात. गावची प्रसिद्धी मात्र आल्फर्ड पॅकरमुळे. १८७४ च्या हिवाळ्यात हा पाच साथीदारांना घेऊन डोंगरात शिरला, यूरे प्रमुखाने थांबा म्हटलेलं न ऐकता, आणि एप्रिलमध्ये एकटाच बाहेर आला. बाकीच्यांना खाल्लं होतं. खटला याच गावात, १८८३, फाशी, मग ती रद्द, मग चाळीस वर्षं, मग १९०१ ला सुटका. मेहुण्याने नाश्त्याला अंडं सांगितलेलं, ते बदलून टोस्ट घेतला.

हेन्सन क्रीकच्या काठाने वर जाताना आधी यूट-युले खाण. १८९९ मध्ये इथे इटालियन कामगारांनी संप केला. कारण काय, तर कंपनीने हुकूम काढला की अविवाहितांनी कंपनीच्याच खानावळीत राहायचं, म्हणजे पगार एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा. कामगारांनी बंदुका मिळवल्या, गव्हर्नरने सैन्य पाठवलं, आणि इटालियन लोकांना तो भाग सोडायला लावला. लालबाग-परळच्या घरातली बायको, तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा १९८२ चा संप, त्यामुळे या पडक्या शेडपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मेहुणा धंदेवाला, तो मालकाची बाजू मांडायला लागला, मग ताईने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पुढे कॅपिटॉल सिटी. जॉर्ज ली नावाच्या माणसाला वाटलं की कोलोरॅडोची राजधानी इथे होणार. त्याने या रानात विटांचा बंगलाही बांधला. आता फारसं काही उरलेलं नाही.

एंजिनियर पास, १२,८०० फूट. चढ लांबलचक पण सिनॅमनइतका अवघड वाटला नाही. वर झाड नाही, गवत आणि दगड आणि चारी दिशांना डोंगरांच्या रांगा, जवळची हिरवी, मग तांबडी, मग निळी. दगडांत पायका नावाचा सशाच्या जातीचा छोटा प्राणी तोंडात फुलं घेऊन धावत होता, हिवाळ्याची बेगमी. वाऱ्यात उभं राहवेना तरी मेहुणा व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न करत होता, रेंज शून्य. उतरून परत अॅनिमस फोर्क्स, परत सिल्व्हरटन, जीप धुवून दिली.

सोमवार: परत

मोलास पास, कोल बँक पास, दुरँगो, वुल्फ क्रीक पास, घर. मोठा फेरा आहे, पण तोच रस्ता परत करायचा नव्हता.

जाणाऱ्यांसाठी: लूप साधारण ६५ मैलांचा आहे पण दोन दिवस द्या. जूनच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतं, ऑक्टोबरनंतर बंद. उंचीची सवय व्हायला आधी एक रात्र यूरे किंवा सिल्व्हरटनला काढा, पाणी भरपूर प्या, बीपी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारून. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा. जुन्या खाणींच्या तोंडात अजिबात शिरायचं नाही, आतली हवा आणि छत दोन्हीचा भरवसा नाही. अवशेषातला खिळासुद्धा उचलायचा नाही. आणि टाकी सिल्व्हरटनला किंवा लेक सिटीला फुल करा, मध्ये पंप नाही.